सही कोणाची? तारेपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत, फोन टॅपिंगची १४० वर्षं

कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांसाठी एपिसोड आहेच, पण लोकलमध्ये रेंज जाते, ऑफिसात मीटिंग चालू असते, म्हणून नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार. बोलताना जे दोन-चार आकडे पटकन निसटून जातात, ते इथे नीट वाचायला मिळतील.

सुरुवात एका निरोपसमारंभापासून करूया. १४ जुलै २०१३. भारतातली तार सेवा त्या दिवशी बंद झाली. आपल्यापैकी अनेकांनी आयुष्यात एकही तार पाठवली नव्हती. तार आली म्हणजे घरात कोणीतरी गेलं, एवढंच आपण आजीकडून ऐकलेलं. पण शेवटच्या दिवशी तार ऑफिसांसमोर रांगा लागल्या. लोकांनी आठवण म्हणून स्वतःलाच, मुलांना, मित्रांना तारा पाठवल्या.

आता गंमत ऐका. तार मेली, पण तारेचा कायदा जिवंत राहिला. तोही चांगला ठणठणीत. २०१३ नंतर आणखी जवळजवळ अकरा वर्षं तुमचा-माझा फोन कोण ऐकू शकतं आणि कधी ऐकू शकतं, हे ठरत होतं १८८५ च्या इंडियन टेलिग्राफ अ‍ॅक्टवरून. म्हणजे फाइव्ह-जी फोनसाठी बैलगाडीच्या काळातला कायदा.

यावर हसणं सोपं आहे. पण कायदा जुना असणं हा खरा प्रॉब्लेम नाही. २०२३ मध्ये नवा कायदा आला, तरी एक गोष्ट जिथल्या तिथे राहिली. ती गोष्ट म्हणजे सही. फोन ऐकायच्या आदेशावर सही कोणी करायची? आजचा एपिसोड या एका प्रश्नाबद्दल आहे.

साहेबाचं सर्टिफिकेट

१८५७ मध्ये दिल्लीत उठाव झाला, तेव्हा ११ मे रोजी तिथल्या तार ऑफिसातून अंबाल्याला बातमी गेली आणि पंजाबातले इंग्रज अधिकारी वेळेत सावध झाले. तार म्हणजे नुसती सोय नाही, सत्ता टिकवायचं हत्यार आहे, हे इंग्रजांना तेव्हा पक्कं कळलं.

पुढे १८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रासमध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. आणि १ ऑक्टोबर १८८५ ला टेलिग्राफ अ‍ॅक्ट लागू झाला. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध होता असं मी म्हणत नाही. पण हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मतदार नागरिक नव्हते, प्रजा होती, हे लक्षात ठेवा.

या कायद्याचं कलम ५ म्हणत होतं की ‘सार्वजनिक आणीबाणी’ असेल किंवा ‘सार्वजनिक सुरक्षिततेसाठी’ गरज असेल, तर सरकार निरोप अडवू शकतं, ताब्यात घेऊ शकतं. बरं, आणीबाणी आहे की नाही हे कोणी ठरवायचं? त्याचीही सोय होती. शंका आलीच, तर सरकारच्या सचिवाने सही केलेलं सर्टिफिकेट हाच अंतिम पुरावा. कोर्टात जाऊन ‘कसली आणीबाणी? सगळं शांत तर आहे’ असं म्हणायची सोयच नाही.

म्हणजे आदेश सरकारचा, कारण सरकारचं आणि कारण खरं आहे याचं सर्टिफिकेटही सरकारचंच.

स्वातंत्र्यानंतर हे चाललं का? चाललं. १९४७ गेलं, १९५० ला राज्यघटना आली, कलम ५ तसंच. १९५४ आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन निकालांत सांगितलं की प्रायव्हसी हा आपल्या घटनेत वेगळा मूलभूत हक्क म्हणून दिलेला नाही. बासष्टच्या निकालात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं होतं, पण ते अल्पमत होतं.

१९७२ मध्ये संसदेने कलम ५ बदललं. ते सर्टिफिकेट गेलं. देशाची सार्वभौमता आणि अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी रोखणं, अशी पाच कारणं लिहिली गेली. आदेश देताना कारणं लेखी नोंदवायची, हेही आलं. पण सही? ती सरकारचीच.

मुंबईचा कोरोनर

त्याच वर्षी, सप्टेंबर १९७२ मध्ये, सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या एका केसचा निकाल दिला. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. लॉ करणाऱ्या मित्राला विचारा, त्याला हे नाव पाठ असेल.

मलकानी हे मुंबईचे कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी. १९६४ मध्ये ऑपरेशननंतर एका पेशंटचा मृत्यू झाला आणि प्रकरण त्यांच्याकडे आलं. डॉक्टरला त्रास नको असेल तर पैसे द्या, अशी मागणी त्यांनी केल्याचा आरोप होता. मग लाचलुचपत खात्याने एका डॉक्टरच्या फोनला त्याच्याच संमतीने टेपरेकॉर्डर जोडला आणि संभाषण रेकॉर्ड केलं.

कोर्ट म्हणालं, हा पुरावा चालेल. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, त्यामुळे तार कायदा मोडला नाही. इथपर्यंत ठीक. पण कोर्टाने आणखी एक विचार मांडला. त्याचा मथितार्थ असा की फोनवरच्या बोलण्याचं संरक्षण निर्दोष नागरिकासाठी आहे, दोषी माणसासाठी नाही.

वाचायला बरोबर वाटतं ना? पण एक मिनिट थांबा. फोन ऐकायला सुरुवात करताना समोरचा निर्दोष आहे की दोषी, हे कोणाला माहीत असतं? तेच तर शोधायचं असतं. त्या क्षणी फक्त संशय असतो. म्हणून तो संशय पुरेसा आहे की नाही हे तपासायला तिसरं कोणीतरी लागतं, ज्याला केस सोडवायची घाई नाही आणि ज्याचा त्यात फायदाही नाही.

माझ्या कामात हा नियम रोजचा आहे. मी लिहिलेला कोड मीच अ‍ॅप्रूव्ह करून प्रॉडक्शनवर टाकू शकत नाही. पुल रिक्वेस्ट दुसऱ्याने बघायची, मगच मर्ज. मी चोर आहे म्हणून हा नियम नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही म्हणून आहे. बँकेत यालाच मेकर-चेकर म्हणतात. मोठ्या रकमेचा चेक पास करायला दोन माणसं लागतात.

२७९ नंबर

आता येऊया १९९० च्या आसपास. राजकारणात फोन टॅपिंगचा धुरळा उडालेला होता. ऑगस्ट १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी टॅपिंगच्या आरोपांवरून राजीनामा दिला होता. मग दिल्लीत नेत्यांचे फोन ऐकले जातात असे आरोप झाले, सीबीआयने चौकशी केली आणि तिचा अहवाल मार्च १९९१ मध्ये ‘मेनस्ट्रीम’ नियतकालिकात छापून आला.

त्या अहवालात काय होतं ते बघा. चार नंबर असे, की ते टॅप होत होते पण परवानगीचा कागदच सापडला नाही. २७९ नंबर असे, की त्यांच्यासाठी एजन्सींची पत्रं होती, पण टॅप होणाऱ्या फोनच्या एमटीएनएलच्या यादीत ते नव्हतेच. आणि १११ प्रकरणांत १८० दिवसांची मुदत उलटून गेली, तरी नवी परवानगी न घेता ऐकणं चालूच.

यातला प्रत्येक आकडा म्हणजे कोणत्या तरी व्हिलनचं कारस्थान असेलच असं नाही. त्यात आळस असेल, गबाळेपणा असेल. पण म्हणूनच तो जास्त भीतीदायक आहे. कारण हे सगळं कोणीही बाहेरून बघत नव्हतं.

हा अहवाल घेऊन सुप्रीम कोर्टात गेली पीयूसीएल, म्हणजे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने ही संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांमध्ये आपल्या सासवडचे वि. म. तारकुंडे होते, मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती.

१८ डिसेंबर १९९६ ला निकाल आला. न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि सगीर अहमद यांच्या खंडपीठाने सांगितलं की घरात किंवा ऑफिसात फोनवर मोकळेपणाने बोलता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या काही गुपचूप अवस्था नाहीत. त्या कोणत्याही शहाण्या माणसाला दिसायला हव्यात.

कोर्टाने हेही दाखवून दिलं की टॅपिंगचा गैरवापर टाळण्यासाठी नियम करायची तरतूद कायद्यात पहिल्यापासून होती, पण ते नियम कधी केलेच नाहीत. १८८५ ते १९९६. १११ वर्षं!

पीयूसीएलची मागणी होती की आधी न्यायाधीशाची परवानगी घ्या, मगच फोन ऐका. आणि इथे कोर्ट अडलं. कायद्यात तशी तरतूद नाही, त्यामुळे आम्ही ती घालू शकत नाही, असं ते म्हणालं. त्याऐवजी तात्पुरते नियम घालून दिले. आदेश फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाने द्यायचा. तो दोन महिने चालेल, वाढवून जास्तीत जास्त सहा महिने. आणि प्रत्येक आदेश एका रिव्ह्यू कमिटीने तपासायचा. केंद्रात या कमिटीत कोण? कॅबिनेट सचिव, कायदा सचिव, दूरसंचार सचिव.

म्हणजे सही करणारा सचिव आणि ती तपासणारेही सचिवच. एकाच मजल्यावरचे नसतील, पण एकाच इमारतीतले.

दोन सेकंद

‘अरे, पण कमिटी तर आहे ना?’ असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. मग त्या कमिटीच्या कामाचं गणित करूया.

२०१३ च्या सुमारास माहिती अधिकारात उत्तर मिळालं की एकटं केंद्र सरकार महिन्याला साधारण ७,५०० ते ९,००० फोन टॅपिंगचे आदेश काढतं. राज्यांचे वेगळे. नियमाप्रमाणे कमिटी दोन महिन्यांतून एकदा बसते. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या डेटा संरक्षण अहवालात हाच हिशोब मांडला. कमिटीपुढे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येणार, आणि हे काम अशक्य कोटीतलं आहे.

आता पुढचं गणित माझं. समजा तीन मोठे सचिव सकाळी बसले आणि चहा-जेवणाशिवाय आठ तास उठलेच नाहीत. आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. भागिले १५,०००. एका आदेशाला दोन सेकंदांपेक्षा कमी.

दोन सेकंदांत आपण रील स्क्रोल करतो. कोणाचं तरी सहा महिन्यांचं खासगी बोलणं ऐकायचं की नाही, याचा विचार दोन सेकंदांत होत नाही. कमिटीतली माणसं वाईट आहेत असं मी म्हणतच नाहीये. सिस्टमच अशी बांधली आहे की चांगला माणूससुद्धा तिथे फक्त शिक्का होतो.

२६/११ आणि इंटरनेट

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडायला हवी. २६/११ ला मुंबईत हल्ला चालू असताना अतिरेकी पाकिस्तानातल्या हँडलर्सशी फोनवर बोलत होते. आपल्या यंत्रणांनी ते कॉल पकडले, रेकॉर्ड केले. कसाबच्या खटल्यात ते महत्त्वाचा पुरावा ठरले. अशा वेळी कोणी म्हणेल का, की आधी कोर्ट उघडू दे? फोन ऐकायची ताकद राज्याकडे असायलाच हवी. वाद त्यावर नाहीच.

पण त्या हल्ल्यानंतर महिनाभरात, डिसेंबर २००८ मध्ये, माहिती तंत्रज्ञान कायद्यातली मोठी दुरुस्ती संसदेत जवळजवळ चर्चेविना मंजूर झाली. तिच्यातलं कलम ६९ इंटरनेटवरचा मजकूर अडवायला, बघायला, डिक्रिप्ट करायला लावण्याबद्दल आहे. तार कायद्यातली ‘सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षितता’ ही पहिली पायरीच यात नाही. उलट ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ हे नवं कारण आलं. आणि यंत्रणेला मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे इंग्रजांनी राजनिष्ठ प्रजेसाठी लिहिलेल्या कायद्यात जी अट होती, ती आपण स्मार्टफोनच्या काळात काढून टाकली.

डिसेंबर २०१८ मध्ये गृह मंत्रालयाने या कलमाखाली दहा यंत्रणांची नावं जाहीर केली, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

त्याआधी, २४ ऑगस्ट २०१७ ला, पुट्टस्वामी केसमध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगून टाकलं होतं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. १९५४ आणि १९६२ च्या निकालांतला तो भाग रद्द झाला. सरकारला त्यात ढवळाढवळ करायची तर कायदा हवा, योग्य हेतू हवा, उपाय गरजेपुरताच हवा आणि गैरवापर रोखणारी यंत्रणाही हवी.

हा निकाल कागदावर राहिला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका व्यावसायिकाच्या केसमध्ये सीबीआयसाठी काढलेले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप होता. कोर्ट म्हणालं, यात सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न कुठे आहे? रेकॉर्डिंग नष्ट करा. जुलै २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टानेही लाचेच्याच एका केसमध्ये तसाच निर्णय दिला. आणि त्याच्या काहीच दिवस आधी दिल्ली हायकोर्टाने उलट सांगितलं, की मोठा भ्रष्टाचारही सार्वजनिक सुरक्षिततेत येऊ शकतो. एकच वाक्य, १८८५ चं, आणि २०२५ मध्ये दोन हायकोर्टांचे दोन अर्थ.

पण एक गोष्ट बघा. मुंबईच्या केसमधले आदेश २००९-१० चे होते. न्यायाधीशाने ते पाहिले २०१९ मध्ये. दहा वर्षांनी! आणि तेही केस झाली म्हणून. ज्याचा फोन ऐकला पण केसच झाली नाही, त्याला कधी कळणार? आपल्याकडे त्याला नंतरही कळवायची तरतूद नाही. महाराष्ट्रातही नेत्यांचे फोन ऐकल्याच्या आरोपांवरून गुन्हे नोंदले गेले, सरकारं बदलली, २०२३ मध्ये हायकोर्टाने ते गुन्हे रद्द केले. नक्की काय घडलं, हे सामान्य माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही.

नवा कायदा, जुनी सही

डिसेंबर २०२३ मध्ये टेलिकम्युनिकेशन्स अ‍ॅक्ट आला. २६ जून २०२४ ला त्यातली टॅपिंगची तरतूद लागू झाली आणि १८८५ चं कलम ५ अखेर निवृत्त झालं. ६ डिसेंबर २०२४ ला टॅपिंगचे नवे नियम आले.

त्यात काही बरं आहे. तातडीच्या वेळी पोलिस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी आदेश देऊ शकतो, पण सात कामकाजाच्या दिवसांत वरून मंजुरी आली नाही, तर ऐकलेलं पुरावा म्हणून वापरता येणार नाही आणि दोन दिवसांत नष्ट करावं लागेल. ही चांगली अट आहे.

पण आदेशावर सही गृहसचिवाची. मुदत ६० दिवस, कमाल १८०. रिव्ह्यू कमिटीत सचिव. बैठक दोन महिन्यांतून एकदा. ओळखीचं वाटतंय ना? यूआय नवा, बॅकएंड तोच.

दुसरीकडे काय करतात? अमेरिकेत १९६८ पासून फौजदारी तपासातल्या टॅपिंगला न्यायाधीशाचा आदेश लागतो. अगदीच तातडी असेल तर आधी ऐका, पण ४८ तासांत कोर्टाकडे अर्ज करा. ब्रिटनने, ज्यांनी आपल्याला हा कायदा दिला त्यांनी, २०१६ मध्ये ‘डबल लॉक’ आणलं. मंत्र्याची सही आणि त्यावर न्यायिक आयुक्ताची मंजुरी. तातडीच्या वेळी ही मंजुरी तीन कामकाजाच्या दिवसांत नंतर घ्यायची. म्हणजे २६/११ सारख्या रात्री कोणीही कोर्ट उघडायची वाट बघत बसत नाही.

तिकडे सगळं आलबेल आहे का? अजिबात नाही. तिथले न्यायाधीशही बहुतेक अर्ज मंजूर करतात, अशी टीका होतेच. पण न्यायाधीशासमोर जायचंय म्हटल्यावर अर्ज लिहिणारा अधिकारीच दोनदा विचार करतो. रिव्ह्यूअर कडक असेल तर आपणही पुल रिक्वेस्ट टाकण्याआधी कोड पुन्हा वाचतो की नाही? तसंच.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मला काय?’ असं म्हणणारे खूप भेटतात. ठीक आहे, तुमच्याकडे नसेल. पण तुमच्या गावातला घोटाळा शोधणारा पत्रकार, मोठ्या माणसाविरुद्ध केस लढणारा वकील, सरकारविरुद्ध उभा राहिलेला उमेदवार, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, यांच्याकडे लपवण्यासारखं असतं. आणि ते लपलेलं राहण्यात तुमचा फायदा असतो.

तार गेली, १८८५ चं कलम ५ सुद्धा गेलं. एवढं सगळं अपडेट करून झालं. आता ती दुसरी सही तेवढी राहिली आहे.

तुम्हाला काय वाटतं, ती सही न्यायाधीशाची हवी की संसदेच्या एखाद्या समितीची? कमेंटमध्ये भांडा, पण प्रेमाने. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या, आणि फोनवर मोकळेपणाने बोला. तो तुमचा हक्क आहे.